धोंडोपंत घोरपड आणि चार बटणं

एका जंगलात, बाळांनो, वाघ होता, वीज होती आणि व्हिडिओ गेम खेळायचा एक डबा होता. जंगलात डबा कुठून आला, असं विचारू नका. बोलणारा कोल्हा कुठून आला, हे तुम्ही आजवर कधी विचारलं नाहीत.

खरं तर हा दुसरा डबा. पहिला, अस्सल डबा फार पूर्वीच बंद पडला होता. तेव्हा शेपटे नावाच्या माकडाने नवा डबा तयार केला. तो जुन्या डब्याची हुबेहूब नक्कल करी आणि जुने खेळ त्यात जसेच्या तसे चालत. नक्कल हा माकडांचा पिढीजात धंदा. त्यामुळे कोणाला नवल वाटलं नाही.

पण नुसती नक्कल करून गप्प बसेल तर तो शेपटे कसला? त्याने पदरचं थोडं घातलं. हातात धरून खेळायच्या कंट्रोलरची चार बटणं, दोन मधली आणि दोन मागची, एकदम दाबली की चालू खेळ मोडायचा आणि पहिल्यापासून सुरू व्हायचा. याला तो शॉर्टकट म्हणे. शेपटे वरचेवर हरायचा आणि उठून डब्यापर्यंत जायचा त्याला कंटाळा होता, एवढंच त्यामागचं शास्त्र.

"चार बटणं एकदम, चुकून, कोण दाबणार?" असं तो म्हणाला होता.

धोंडोपंत घोरपड दाबणार होते.

धोंडोपंत मोठे विद्वान. जंगलातल्या सगळ्या भाषा त्यांना येत. सापांचीसुद्धा, जिच्यात बोलण्यासारखं फारसं काही नाही. पण स्वभावाने घाबरट. आणि घोरपड घाबरली की काय करते? धरते. हातात असेल ते धरते आणि सोडत नाही. त्यांच्या कुळाचा लौकिकच तो. त्यांच्या एका पूर्वजाच्या कमरेला दोर बांधून म्हणे माणसं कडा चढली होती. तो पूर्वज शूर होता की नुसताच घाबरलेला, हे कुळात कोणी विचारत नसे. धोंडोपंतांना मात्र कधीकधी शंका येई.

धोंडोपंत आणि त्यांचे स्नेही कासवअण्णा रोज दुपारी 'सुळका' नावाचा खेळ खेळत. म्हणजे धोंडोपंतांनी खेळायचं आणि अण्णांनी शेजारी बसून नावं ठेवायची. खेळातला शिपाई सुळका चढत चढत माथ्यावर पोचे. तिथे एक राक्षस. त्याच्याशी झुंज झाली की खेळ संपे. संपल्यावर पडद्यावर काय दिसतं, ते मात्र दोघांनीही पाहिलं नव्हतं. कारण राक्षस दिसला की धोंडोपंत घाबरत. घाबरले की धरत. धरलं की चारही बटणं दबत आणि शिपाई पुन्हा पायथ्याशी उभा.

खेळ मध्येच जपून ठेवायची सोय होती. पण डबा व्यवस्थित स्वभावाचा होता. शिपाई पायथ्याशी आला रे आला की तो तेवढंच आपणहून जपून ठेवी आणि आधीचं सगळं फेकून देई.

"झालं?" अण्णा विचारत.

"बटण, अण्णा! बटणाने घात केला. नाहीतर आज राक्षस लोळवलाच होता."

"हो तर," अण्णा म्हणत आणि मान आत घेत.

असंच आयुष्य गेलं असतं. पण तळं आटायला लागलं. अण्णांची मुलं त्यांना खाली धरणावर न्यायला येणार असं ठरलं.

"धोंडू," अण्णा म्हणाले, "तिकडे पाणी पुष्कळ आहे म्हणतात. पण डबा नाही. जायच्या आधी त्या खेळाचा शेवट बघावा, एवढंच मनात आहे."

दोष डब्याचा की आपल्या पंजांचा, यावर धोंडोपंतांनी बराच विचार केला. दोन्ही बाजूंनी मुद्दे सापडले. शेवटी ते शेपट्याकडे गेले.

"पंत, इतक्या वर्षांत कोणाची तक्रार नाही," शेपटे म्हणाला.

"माझी आहे ना."

"हो, तुमची आहे. मी म्हटलं, कोणाची नाही."

तरी शेपट्याने सुधारणा केली. आता चार बटणं दबली की पडद्यावर प्रश्न येई: 'खरोखर पहिल्यापासून सुरू करायचं?' होय म्हणायला त्याच चारांपैकी एक बटण होतं आणि ते धोंडोपंतांनी आधीच दाबून धरलेलं असे. डब्याला इतक्या तत्पर होकाराचं कौतुक वाटलं असावं.

मग दुसरी सुधारणा. बटणं थोडा वेळ दाबून धरली तरच खेळ मोडणार. "चुकून दाबणारा लगेच सोडतो," शेपटे म्हणाला. माकडांचा अनुभव तसाच आहे. माकड कुठलीच गोष्ट फार वेळ धरत नाही. धोंडोपंतांनी राक्षस दिसल्यावर जे धरलं, ते चहाची वेळ झाली तरी सोडलं नाही. तोवर खेळ राहून राहून पहिल्यापासून सुरू होत होता.

"तुम्हीच जरा सैल धरा की, पंत," शेपटे वैतागला.

धोंडोपंतांनी सैल धरलं. कंट्रोलर उडून अण्णांच्या पाठीवर आपटला.

"शेपट्या," पाठ चोळत अण्णा म्हणाले, "हा तुझा शॉर्टकट बंदच करता येत नाही का रे?"

"येतो की. सेटिंगमध्ये आहे. बंद म्हटलं की बंद."

"मग आधी बोलला का नाहीस?"

"पंतांनी सुधारणा मागितली. बंद करणं ही काय सुधारणा झाली, अण्णा?"

शॉर्टकट बंद झाला. दुसऱ्या दिवशी अण्णा निघणार होते. बातमी पसरली आणि सगळं जंगल डब्यासमोर येऊन बसलं. धोंडोपंतांनी शिपाई झकास चढवला. एकदाही पाय घसरला नाही. माथा आला. राक्षस आला.

धोंडोपंतांनी धरलं.

चारही बटणं दबली. काही मोडलं नाही. शिपाई पायथ्याशी गेला नाही. जंगलाने टाळ्या वाजवल्या.

पण बाळांनो, तलवारीचं बटण वेगळं होतं. ते कोणी दाबतच नव्हतं. शिपाई नुसता उभा राहिला. राक्षस जुन्या काळातला, सावकाश चालणारा. तो आला, त्याने शिपायाला मानगुटीला धरलं आणि कड्यावरून खाली टाकलं.

"बटण..." धोंडोपंत सवयीने म्हणाले. पण आज बटणाने घात केलाच नव्हता. आपण आजवर एकदाही हरलो नव्हतो, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं. हरायच्या आधी दर वेळी बटण मध्ये पडत होतं.

टाळ्या थांबल्या. वाघाने जांभई दिली. जंगल हळूहळू पांगलं.

पडद्यावर शिपाई पडतच होता. चढलेला सगळा सुळका उलटा जात होता. तळाशी एक नदी निघाली. शिपाई तिच्यात पडला, पोहत काठाला लागला आणि पागोटं पिळत बसला. बारीक बासरी वाजली. 'खेळ समाप्त' अशी अक्षरं उमटली.

"हरलो, अण्णा."

"ते मला ठाऊकच होतं रे, पहिल्यांदा राक्षस बघितला तेव्हापासून," अण्णा म्हणाले. त्यांची मान पूर्ण बाहेर होती. "खाली नदी आहे हे ठाऊक नव्हतं. छान आहे."

अक्षरं विझेपर्यंत दोघं बघत बसले. मग अण्णांची मुलं आली.

दुसऱ्या दुपारी धोंडोपंत शेपट्याच्या झाडाखाली येऊन खाकरले.

"ते सेटिंग पुन्हा चालू करता येईल का?"

"अहो पंत, चुकून दाबलं जाईल!"

"तेवढ्यासाठीच," धोंडोपंत म्हणाले.

तात्पर्य: चुकून खेळ मोडू नये याची काळजी ज्यांना जिंकता येतं त्यांनी घ्यावी. बाकीच्यांनी ते बटण तेलपाणी करून हाताशी ठेवावं. मात्र खाली नदी आहे की नाही, हे मग कोणाला विचारू नये.