मल्लय्या मंत्र्यांच्या बशीची बखर

श्री यंत्रदेवता प्रसन्न. शके अठराशे ब्याण्णव, साधारण नाम संवत्सरीं, तेलंग देशींहून मल्लय्या नामें महाप्रतापी पुरुष या राज्यीं पोटासाठीं आले. ते उतरले तेव्हां धरणी कांपली म्हणतात. ती मालगाडी होती. मग कापडगिरणींत मागावर लागले, आणि येथील भाषा येईना, म्हणून जोडीदार गेनबा घुगे यांनी शिकविली, ती आधीं शिव्यांची शिकविली आणि मग उरलेली. सूत तुटूं नये म्हणून गिरणीच्या खिडक्या खिळे मारून बंद असत, आणि मंडळी आंत खोकून जर्जर होत. फाटकावर चाल ऐसी कीं, आपल्या माणसांनी एक चहा दोघांत घ्यावा, एकाने कप, दुसऱ्याने बशी. आख्खा कप पाहुण्यास आणि मुकादमास. मल्लय्यांस नित्य गेनबांच्या कपाची बशी मिळे. मग मल्लय्यांनी खिडक्यांसाठी संप मांडिला, आणि दोन्ही भाषांत शिव्या देऊन अलोट सेना जमविली, आणि सेनेने हर्षें त्यांस निवडून दिले, आणि दरबाराने मंत्रिपद बहाल केले. खिडक्या बंदच राहिल्या.

वर्षें लोटलीं. मंडळी पुन्हां फाटकावर बसली, तेव्हां मंत्र्यांची स्वारी समजूत काढावयास आली. गेनबांनी खोकत उठून आख्खा कप पुढें केला.

"घ्यावा, सायेब."

मल्लय्यांचा चेहरा उतरला. "गेन्या, साहेब कुणाला म्हणतो रे?"

"तुमास्नीच जी. पावणं हायसा."

"बशी दे."

"बशी आपल्या मानसाची. खिडक्यांचं काय केलंसा?"

"विचार चालू आहे."

"ऐका! ह्यो शब्द काय म्या शिकवला न्हाई," ऐसें गेनबा बोलले, आणि मंडळी हांसली, आणि हांसतां हांसतां खोकूं लागली, आणि तो खोकला कांहीं केल्या थांबेना.

मग मल्लय्यांनी कप तसाच खालीं ठेविला, आणि गिरणींत शिरून, दरबारास न पुसतां, खिडक्या उघडण्याचा हुकूम दिधला, आणि पहिला खिळा स्वहस्तें उपटिला, त्यांत एक नख गेलें. मालक दरबारीं धांवले आणि सांजेस मंत्रिपद गेलें. मोटारही गेली, ती मल्लय्या हांक मारीत असतां गेली. मल्लय्या पायींच फाटकावर आले. गेनबांनी चहा बशींत ओतिला, फुंकर घातली आणि पुढें केला.

"घे, मल्ल्या. बोट सांभाळ, गरम हाय."

एवंच, पद गेलें, नख गेलें, आणि गिरणीच्या साऱ्या खिडक्या उघडल्या. त्या दिवशीं वारा पडला होता.