बुडिकाचं बारसं

पालेगावात माझ्या पोरीच्या नावाची दुसरी पोर निघाली तर मिशी उतरवीन, असं मी सत्त्याऐंशी साली चारचौघांत सांगून टाकलं. कारण मी भोगलंय. आमच्या आळीत किसन भरपूर. पंपवाला किसन, काळा किसन, म्हशीवाला किसन. मी नुसता 'दुसरा किसन'. पहिला कोण, ते कुणालाच आठवत नाही.

उल्हासनगरच्या रद्दीवाल्याकडे मला एक पुस्तक मिळालं, प्राचीन केल्टिक नावांचं. केल्ट म्हणजे दोनेक हजार वर्षांपूर्वीचे युरोपातले लोक. "ले जा साईं," दुकानदार म्हणाला, "ऐसा नाम इधर किसी का नहीं होगा." त्यातली बुडिका मला आवडली. रोमन फौजेशी लढलेली राणी!

"राणी हाय तं ठीक," माझी बायको काशी म्हणाली. "पन हाक काय मारायची? बुडी?"

नाव आत्यानं ठेवायचं, म्हणून द्रौपदीताईला मी ते सकाळपासून घोकायला लावलं. बारशाला ताईनं पाळण्यात वाकून बाळाच्या कानात कुर्रर्र केलं आणि रिवाजाप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. ताईच्या तोंडून निघालं, "बुडि..." धप्प. "...का."

दारातल्या ठमाबाईला कमी ऐकू येतं. "बुडली? कोन गो?"

"किसनची पोर," आतून कुणीतरी म्हणालं. तिला वाटलं, म्हातारी बारसं कुणाचं ते विचारतेय.

ठमाबाईनं टाहो फोडला, "किसनची पोर तल्यात बुडली रे!"

मी अंगणात पंगतीला वाढत होतो. गावात एवढे किसन, पण दुसऱ्या कुणाची असेल असं माझ्या मनातही आलं नाही. वरणाची बादली टाकून मी थेट घरामागच्या तळ्यात उडी घेतली. मागोमाग सगळे किसन. पाणी घोट्याएवढं, चिखल कमरेएवढा. मी रडत रडत चिखल चाचपत होतो.

तेवढ्यात ताई काठावर आली, पोर दुपट्यात गाढ झोपलेली. "किसन्या, वर ये. पोरगी तरली हाय. तूच बुडशील."

"तरली गो, तरली," बायका म्हणाल्या, आणि तिथल्या तिथे नाव पडलं, तारा. खरं सांगतो, त्या वेळी मला कुठलंही नाव आवडलं असतं.

आता आळीत तीन तारा आहेत. लोक मिशीची आठवण करून देतात. पण ओळखू यावी म्हणून आमचीला सगळे 'बुडालेली तारा' म्हणतात, आणि तशी अख्ख्या तालुक्यात एकच आहे. त्यामुळे मिशी अजून मी ठेवलीय.