औंदाचा की गुदस्ताचा

गेल्या वर्षीचा इंद्रजित दूध प्यायला म्हणून बाहेर पडला तो यंदा घरी आला, तेव्हा यंदाचा इंद्रजित माझ्यासमोर बसून चहात खारी बुडवून खात होता.

इंद्रजित माझा नातू. कॉलेजच्या फुटबॉल टीममध्ये फॉरवर्डला खेळतो. अंगात नऊ नंबरची जर्सी, पायांत मोजे, बूट नाहीत, असा तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, "आज्जी, जेवायला वाढ. सेमीफायनल मारली. तीन गोल घातले."

ती सेमीफायनल गेल्या वर्षीची होती. मी म्हटलं, "पाय धुऊन ये."

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. यंदाचा थोडा सरकून बसला. मी त्याला विचारलं, "काय रे, गेल्या वर्षी तू असा कुठं गेला होतास काय?"

तो म्हणाला, "कट्ट्यावर दूध प्यायला गेलो होतो. यायला थोडा उशीर झाला होता, एवढंच आठवतंय."

माझ्या सुनेनं, वैजयंतानं, आणखी दोन भाकऱ्या थापल्या. थापता थापता एवढंच म्हणाली, "बाळंतपण एकच झालं होतं, आत्याबाई. साक्षीला तुम्ही होता."

कोल्हापुरात पोरगं चालायच्या आधी लाथ मारायला शिकतं, त्यामुळं पेठेला दुसरा इंद्रजित आल्याचं आश्चर्य वाटलं नाही. पेठेला वाटला तो आनंद. फायनल आठवड्यावर आली होती. यंदाच्याला लोक 'औंदाचा' म्हणू लागले आणि गेल्या वर्षीच्याला 'गुदस्ताचा'. कॉलेजच्या प्रिन्सिपॉलांनी दोघांना बोलावून सांगितलं, फी एकाची भरली आहे, तेव्हा वर्गात दोघं बसा, पण 'हजर' एकानंच म्हणायचं. ते आळीपाळीनं म्हणायचे. बूट मात्र एकच जोड होता, तो आमच्या भिंतीवर खुंटीला. चौगुले म्हणाले ते खरं होतं. माणूस दोन झाला तर चालतं. बूट दोन झाले असते तर चोरीचा आळ आला असता.

हे आण्णाप्पा चौगुले म्हणजे पेठेचे जुने गोलकीपर. आता गुडघे गेले, आवाज तेवढा राहिला. संध्याकाळी म्हशी गल्लीतल्या दूधकट्ट्यावर येतात, तिथंच धार काढतात, आणि फेसाचा गिलास हातात घेऊन माणसं उभ्याउभ्या टीम ठरवतात. तिथं चौगुल्यांचा शब्द मोठा. त्यांच्यासमोर निवास मिस्त्री, स्कूटर दुरुस्तीवाला. माझी दुधाची कासांडी घेऊन मी रोज तिथं जाते, म्हणून सगळं माझ्या कानांवर आहे.

"गुदस्ताचाच खेळला पायजे," चौगुले म्हणाले. "तीन गोल घालून ताजा आलाय. घाम सुद्धा वाळला न्हाई त्याचा. भीती म्हंजे काय, त्याला ठाऊकच न्हाई."

"भीती ठाऊक न्हाई, कारण त्याला फायनल ठाऊक न्हाई," निवास म्हणाला. "औंदाच्याला वर्षाची अक्कल जास्त हाय. पास बघा त्याचे. सुईत दोरा ओवल्यागत."

"पास बघून काय आरती ओवाळू? गोलसमोर आला की पोस्टमन होतोय तो. बॉल दुसऱ्याच्या दारात टाकला की मोकळा."

सगळे हसले. म्हशीनं सुद्धा मान हलवली. पण निवास हसला नाही आणि मीही हसले नाही, कारण ते खरं होतं, आणि का खरं होतं ते सगळ्यांना माहीत होतं.

गेल्या वर्षीच्या फायनलला बरोबरी झाली होती. टायब्रेकरला शेवटची पेनल्टी इंद्रजितनं घेतली आणि बॉल वरच्या बारला लागून परत आला. कप गेला नदीपलीकडच्या कॉलेजला. त्या दिवसापासून पोरगा गोलकडं बघून लाथ मारायचाच विसरला. यंदा त्याचं कॉलेजचं शेवटचं वर्ष. ही फायनल झाली की ती जर्सी परत अंगाला लागायची नाही. बारचा तो आवाज कानात घेऊनच हा जन्मभर हिंडणार की काय, ही माझी काळजी होती. कप येवो न येवो.

गुदस्ताच्याला यातलं काही माहीत नव्हतं. तो सेमीफायनलच्या संध्याकाळचा. पेठेनं ठरवलं, त्याला सांगायचं नाही. एवढी मोठी पेठ, पण एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. फळीवरच्या डब्यांखाली मी गेल्या वर्षीची वर्तमानपत्रं अंथरली होती, त्यात तो बार आणि तो बॉल फोटोसकट होता. वैजयंतानं सगळे डबे उतरवले आणि खाली कॅलेंडरं घातली. गुदस्ताचा विचारायचा, "फायनलचं काय झालं गं आज्जी?" मी म्हणायची, "व्हायची हाय अजून." त्याच्या हिशेबानं ते खोटं नव्हतं.

आता हा वाद माझ्या दारापर्यंत का आला ते सांगते. आमच्या पेठेची रीत अशी की, फायनलच्या सकाळी लोक हलगी वाजवत फॉरवर्डच्या घरी येतात आणि घरातल्या सगळ्यांत मोठ्या बाईनं उंबऱ्यावर त्याच्या हातात बूट द्यायचे. तिनं ज्याला बूट दिले तो खेळायला उतरला. त्यावर कोच बोलत नाही. कोच घाटगे सर पुण्यात शिकून आलेत, शिट्टी गळ्यात घालून झोपतात म्हणे, पण त्यांनीही एवढंच विचारलं, "आज्जी, तुमचा काही विचार झालाय का? म्हणजे मला बाकीचे दहा बसवायला बरं."

मी म्हटलं, "दहा बसवा. अकराव्याचं मी बघते."

लोक यायला लागले. चौगुले नारळ घेऊन आले. "वैनी, पेठेची अब्रू तुमच्या हातात हाय." निवास रिकाम्या हातानं आला, पण माझ्या शिलाई मशीनला तेल घालून गेला. "मावशी, काही म्हणणं न्हाई आपलं. फक्त औंदाच्याला औंदा न्हाई तर कधी, एवढाच प्रश्न हाय."

गुदस्ताचा माझ्या पायाशी बसून म्हणायचा, "बूट मलाच देणार न्हवं? ह्यो तर मारतच न्हाई. हात बांधल्यागत पाय बांधलेत त्याचे. एका वर्षात काय झालंय काय ह्याला?"

"वय झालंय," मी म्हटलं.

आणि औंदाचा? तो आदल्या दिवशी दुपारी आला. मी शेंगा फोडत होते. बसला, चार शेंगा फोडल्या, दाणे माझ्याच सुपात टाकले. मग म्हणाला, "आज्जी, बूट त्याला दे."

"आणि तू?"

"मी बाकावर बसतो. परत बारला लागली तर? त्याच्या पायाला ठाऊक न्हाई बार काय असतो ते. त्याला दे."

"तुझी शेवटची मॅच हाय रे."

"म्हणूनच," तो म्हणाला आणि उठून गेला.

मला राग आला. पण जो हात पुढं करतो त्याला डावलून, जो हात मागं घेतो त्याच्या गळ्यात वस्तू बांधता येत नाही. सकाळी हलगी आली, गल्ली भरली. दोघंही उंबऱ्याच्या आत उभे. मी बूट गुदस्ताच्याच्या हातात दिले. चौगुल्यांनी शिट्टी मारली. निवासनं डोक्यावरची टोपी काढून परत घातली. औंदाच्यानं टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात त्यानंच वाजवल्या, ते मला आवडलं नाही.

बूट देणाऱ्या बाईला मैदानात बाकाशेजारी खुर्ची मिळते, म्हणून पुढचं सगळं मी जवळून बघितलेलं आहे. माझ्या एका बाजूला घाटगे सर आणि दुसऱ्या बाजूला औंदाचा.

गुदस्ताचा खेळला मात्र देखणा. वारं प्यालेल्या वासरासारखा. पहिल्या हाफमध्ये त्यानं एक घातला तेव्हा स्टेडियममध्ये गुलालाच्या पुड्या फुटल्या. दुसऱ्या हाफमध्ये नदीपलीकडच्यांनी एक फेडला. मग बरोबरी. मग टायब्रेकर. त्यांची एक पेनल्टी बाहेर गेली, आमच्या सगळ्या आत, आणि आता आमची शेवटची. ही आत गेली की कप आमचा. गुदस्ताच्यानं बॉल काखेत मारला आणि निघाला.

तेवढ्यात नदीपलीकडच्यांच्या गॅलरीतून कोणीतरी ओरडलं, "मार की परत बारवर! गुदस्ता मारलीस तशी!"

त्यांची काही चूक नव्हती. आमच्या पेठेचा ठराव त्यांना लागू नव्हता.

गुदस्ताचा थांबला. बॉल ठेवला आणि सरळ बाकाकडं चालत आला. औंदाच्यासमोर उभा राहून त्यानं विचारलं, "मी बारवर मारलीया?"

औंदाचा खाली बघत होता. मग वर बघितलं. "व्हय."

"कप गेला?"

"गेला."

"मग रे?"

"मग काय?"

"मग पुढं काय झालं?"

औंदाच्यानं जरा विचार केला. मला वाटतं, त्यानंही हे स्वतःला कधी विचारलं नव्हतं. "काय न्हाई," तो म्हणाला. "दुसऱ्या दिवशी उठलो. दात घासले. चौगुलेकाका चार दिवस बोलले न्हाईत, पाचव्या दिवशी त्यांनीच दूध पाजलं. परीक्षा झाली. पास झालो."

"एवढंच?"

"एवढंच."

"आणि एवढ्यासाठी वर्षभर पोस्टमन झालास व्हय रे?"

घाटगे सरांनी तोंड फिरवलं. औंदाचा आधी हसला नाही, मग हसला. गुदस्ताचा खाली बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागला. "मला आता नुसता बारच दिसायला लागलाय बघ. मला आत्ताच कळलंय. तुला कळून वर्ष झालंय. तू मार."

नदीपलीकडच्यांचे कोच धावत आले. ही बदली चालणार नाही म्हणाले. रेफरींनी खिशातून यादी काढली, शांतपणे वाचली. "नाव एक आहे. नंबरही एकच आहे. ओळखपत्र एक आहे."

"अहो, पण माणसं दोन आहेत!"

रेफरींनी ओळखपत्रावरचा फोटो दोघांच्या तोंडाशी धरून बघितला. "फोटो दोघांशीही सारखाच जुळत नाही," ते म्हणाले. "बदली म्हणायला दुसरा खेळाडू लागतो. हा तोच आहे. फक्त मैदानात एका वेळी एकदाच असावा."

औंदाच्यानं बूट घातले. जाताना माझ्याकडं बघितलं. बोलण्यासारखं सगळं त्याचं त्यानंच बोलून घेतलं होतं.

तो बॉलपाशी गेला. पेनल्टी काही देखणी नव्हती, खोटं कशाला सांगू. खाली, जमिनीलगत, डावीकडं मारली. गोलकीपरचा हात लागला, बॉल हाताखालून घसरला, जरा रेंगाळला, आणि म्हातारी देवळात शिरते तसा हळूहळू रेषेच्या आत गेला.

पुढं काय झालं ते मला दिसलं नाही. डोळ्यांत गुलाल गेला होता. चौगुल्यांनी औंदाच्याला खांद्यावर घेतलं, निवासनं गुदस्ताच्याला, आणि गुडघ्यांचं दुखणं चौगुल्यांना थेट बिंदू चौकात आठवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गुदस्ताचा अंघोळ करून आला. म्हणाला, "आज्जी, जातो. माझी फायनल राहिलीया."

"जायलाच पायजे काय?"

"मी न्हाई गेलो तर औंदाचा यायचा कुठनं?"

हे बरोबर होतं. मी म्हटलं, "बारला लागणार, ठाऊक हाय न्हवं?"

"नीट मारायला बघतो की. लागली तर लागली." मग त्यानं विचारलं, "हरून आल्यावर मी काय केलं होतं गं?"

"भिंतीकडं तोंड करून पडला होतास. जर्सी पण काढली न्हाईस. जिंकून येशील म्हणून मी मटण केलं होतं, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा. ताट झाकून ठेवलं ते तसंच राहिलं."

"पांढरा रस्सा होता, आणि मी जेवलो न्हाई?"

"न्हाई."

"काय येडं बेणं हाय मी पण," तो म्हणाला आणि हसत हसत कट्ट्याकडं दूध प्यायला गेला. परत आला नाही. म्हणजे वेळेवर पोचला असणार.

दोन-तीन दिवसांनी मसाला कुटताना मी वैजयंताला म्हटलं, "पोरगं त्या दिवशी उपाशी झोपलं होतं, तेवढं मनाला लागतंय बघ."

तिनं मुसळ थांबवलं. "कोण उपाशी? आत्याबाई, गुदस्ता तो हरून आला, हातपाय धुतले, आणि पातेलं पुसून खाल्लं की त्यानं. तुमच्या वाटणीचा रस्सा सुद्धा उरला न्हाई. तुम्ही चटणी-भाकरी खाल्लीत."

मी आठवून बघितलं. माझी आठवण अजून कधी चुकलेली नाही. झाकलेलं ताट मला स्पष्ट आठवतं, त्यावरची पितळी, आणि भिंतीकडं वळलेली ती नऊ नंबरची पाठ. आणि मी त्या दिवशी चटणी-भाकरी खाल्ली होती, सोबत फोडलेला कांदा फार तिखट निघाला होता, हेही मला चांगलं आठवतं.