गाडी भरल्याशिवाय सुटत नाही

"जव्हारच्या डेपोतल्या एष्ट्या लाजून माना खाली घालतील, अशा करीन मी या गाड्या! नाय केल्या, तर सुकऱ्या नाव लावणार नाय!"

सुकऱ्याने ही गर्जना केली तेव्हा त्याच्या हातात पाना नव्हता की पक्कड नव्हती. कोंबडीचं अंडं होतं! आणि ते त्याला त्यांतल्याच एका गाडीच्या सीटवर सापडलं होतं.

झालं होतं असं. दाभोशाजवळ, धबधब्याच्या वाटेवर, एक रिसॉर्ट होतं. शहरातली मुलं तिथं यायची आणि टायरांच्या कुंपणातून बुटक्या बुटक्या गाड्या पळवायची. गो-कार्ट म्हणायचे त्यांना. दोन सीटांची, जमिनीला पोट टेकल्यासारखी गाडी. पाड्यावरची मुलं कुंपणाबाहेर उभी राहून तोंडानेच 'घुर्रऽऽ' करायची. पुढे रिसॉर्ट बंद पडलं. तीन गाड्या सागाच्या पाचोळ्यात बसून राहिल्या आणि कोंबड्यांनी त्यांत संसार थाटला. एक दिवस मालकाचा फोन आला, "सुकऱ्या, ते भंगार घेऊन जा. नाहीतर भंगारवाल्याला बोलावतो."

भंगार! हा शब्द सुकऱ्याला करवंदीच्या काट्यासारखा रुततो. कारण त्याची जीप.

निळी जीप होती ती. दाभोसा ते जव्हार, जव्हार ते दाभोसा, तीस वर्षं धावली. कागदावर नऊ माणसांची. पण कागदाला काय कळतंय माणसांचं? आत बाया, बायांच्या मांडीवर पोरं, पोरांच्या मांडीवर कोंबडे, मागच्या फळीवर जवान गडी, टपावर भाताची पोती आणि ड्रायव्हरच्या उजव्या अंगाला, अर्धा गाडीत अर्धा रानात, एखादा मास्तर! नव्या नवऱ्या या जीपने सासरी गेल्या. बाळंतिणी दवाखान्यात गेल्या, आणि एकदोन बाळांनी तर जव्हार येईपर्यंत दमही धरला नाही. जीपचा हॉर्न नाचाला फुंकतात त्या तारप्यासारखा घुमायचा. वळणावर तो वाजला, की खाचरातल्या बाया हातातलं रोप तिथंच टाकून पाटी डोक्यावर घ्यायच्या. भातलावणीच्या चालीवर त्यांनी गाणंही जुळवलं होतं:

सुकऱ्याची गाडी गं, वळणाला बोलली,
माझ्या डोईची पाटी गं, वाऱ्यासंगं चालली.

मग जीप म्हातारी झाली. पासिंग होईना. भंगारवाला तिला टेम्पोला बांधून ओढत घेऊन गेला, तेव्हा सुकऱ्या नदीवर जाऊन पाण्याकडे बघत बसला होता. जाण्याआधी त्याने एवढंच केलं. हॉर्न सोडवून घेतला आणि नागलीच्या कणगीत लपवला.

तर अशा माणसाने तीन गाड्या घरी आणल्या. बायकोने, मंगळीने, त्या बघून कमरेवर हात ठेवले.

"तीन चिंबोऱ्या आणल्यास! कालवण करू का यांचं?"

"पोरांसाठी हायेत गं. आपल्या पोरांनी कुंपणाबाहेरून किती दिवस घुर्र करायचं?"

"करू दे की! त्याला इंजिन लागत नाय. हे बघ, हे माझं खळं हाय. नागली कापली का मला इथं मळणी करायचीय. तवर ठेव. मंग या दिसल्या, तर भंगारवाल्याला मीच हाक मारीन. येते मला त्याची हाक. लोखांऽऽड! पत्राऽऽ! फुटकी बादलीऽऽ!"

हाक इतकी हुबेहूब होती, की शेजारची गौरा खरोखरच फुटकी बादली घेऊन बाहेर आली!

सुकऱ्या कामाला लागला. रॉकेलने गंज पुसला, पॉलिशपेपरने सांगाडे घासून घासून आरशासारखे केले. जुन्या इंजिनांत मुंग्यांनी वारूळ केलं होतं. ती काढून त्याने नदीचं पाणी उपसायच्या पंपांची इंजिनं बसवली. पंपाचं इंजिन म्हणजे गरीब जावई. बसवाल तिथं बसतं आणि फारसं बोलत नाही. गाडी बैलगाडीहून जरा जोरात आणि सायकलीहून जरा हळू पळू लागली. मुलांसाठी एवढा वेग पुष्कळ झाला. चहूबाजूंनी जीपचे जुने टायर कापून गादी केली. पट्टे शिवले. ब्रेक असे लावले, की दाबला तर गाडी जागच्या जागी बसकण मारेल.

खेळाचे शिक्षक कमलेश सर बघायला आले. म्हणाले, "दादा, ही झाली दुरुस्ती. आता थोडं अपग्रेड करा."

"म्हंजे?"

"म्हणजे आधी नव्हतं, ते घालायचं. गाडी जास्त चांगली व्हायला."

जास्त चांगली गाडी! सुकऱ्याला आयुष्यात जास्त चांगली अशी एकच गाडी ठाऊक होती. आठ दिवसांनी सर परत आले, तर प्रत्येक कार्टला मागे उभं राहायला फळी, डोक्यावर सामानाचं टप, आरशाला लाल गोंडे आणि कपाळावर पाटी: 'दाभोसा – जव्हार'! मंगळीने तेवढ्यात गाडीवर तांदळाच्या पिठाने एक वारली चौक लिहून द्यावा, असाही त्याचा हट्ट होता. पण ती म्हणाली, "चौक लग्नाच्या भिंतीवर लिहितात. तुझ्या चिंबोऱ्यांची लगनं ठरली का सांग, मंग लिहिते."

"कसं हाय अपग्रेड, सर?"

सरांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. "दादा, ही गो-कार्ट नाही राहिली. ही तुमच्या जीपची नात झाली!"

सुकऱ्याला हे इतकं आवडलं, की त्याने कणगीत हात घालून हॉर्नही काढला आणि तिन्हींतल्या लाल गाडीला बसवला.

आता प्रश्न जागेचा. नागली पिवळी पडत चालली होती आणि मंगळी येता-जाता विळ्याला धार लावत होती! सुकऱ्या शाळेत गेला. मुख्याध्यापिका उज्ज्वलाबाई पाड्यावरचीच लेक. म्हणाल्या, "दादा, शाळेमागचा माळ मोकळाच आहे. पण कमिटीला काहीतरी दाखवायला हवं. बाजाराच्या दिवशी मुलांची शर्यत ठेवू. तालुक्याचे साहेब येतील. शर्यत नीट झाली, तर गाड्या कायमच्या शाळेच्या."

"अन् नाय झाली तर?"

"तर मग माझा नाइलाज."

"मंग मंगळी हाक मारील," सुकऱ्या स्वतःशीच म्हणाला.

तीन ड्रायव्हर निवडले: करिष्मा, रूपेश आणि चैती. स्टिअरिंग आणि ब्रेक शिकवून झालं, तेव्हा अजून चहासुद्धा निवाला नव्हता. मग पुढं शिकवायचं काय? शर्यतीबद्दल सुकऱ्याला फार सांगता येईना. तीस वर्षांत कुणाला मागे टाकायला त्याने गाडी चालवलीच नव्हती. कुणी मागे राहू नये, म्हणून चालवली होती. तेव्हा त्याने जीपच्या गोष्टी सांगितल्या. कुठं कुणाला घ्यायचं, गाडी कशी भरायची, सीटसाठी कशी हाळी द्यायची, खाकी दिसली की काय करायचं. मुलं तोंड उघडं टाकून ऐकत होती. आणि मुलं ऐकतात तेव्हा सगळंच ऐकतात, हे सुकऱ्याच्या ध्यानात आलं नाही!

बाजाराचा दिवस उजाडला. माळाला टायरांचं कुंपण झालं. एक फेरी मारायची, आंब्याला वळसा घालायचा आणि शेवटची दोरी तोडायची. जो आधी तोडेल तो पहिला. साहेब हिरवा झेंडा घेऊन उभे राहिले. झेंडा खाली आला, की लाल गाडीतल्या करिष्माने हॉर्न वाजवायचा आणि तिघांनी सुटायचं, असं ठरलं होतं.

"तीन... दोन... एक!"

पॅंऽऽ पॉंऽऽ पोंऽऽ!

कितीतरी वर्षांनी तो आवाज दरीत उतरला आणि पलीकडच्या डोंगराला हात लावून परत आला. सुकऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसून बघतो, तर गाड्या जागच्या जागी!

इंजिनं धडधडत होती. आणि करिष्मा मान बाहेर काढून ओरडत होती, "जव्हार! जव्हार! जव्हार! चला, दोन सीट, दोन सीट!"

"ए, तिकडं नको, इकडं!" रूपेश गरजला. "आपली गाडी आधी सुटणार! खाली आहे, खाली!"

चैतीने तर उतरून कुणाचं तरी पोतं टपावर बांधायला घेतलं होतं.

साहेबांनी झेंडा पुन्हा हलवला. "अगं पोरी, सोड ना गाडी!"

"साहेब, भरली नाय अजून!"

सुकऱ्या हातवारे करत धावणार, तोच पाड्याच्या वाटेवर धुरळा उडाला. धाकली आजी! पाड्यातली सगळ्यात जुनी बाई. एरवी कानाशी ढोल वाजवला तरी 'काय म्हणतोस?' विचारणारी. तिच्या मागे आणखी चौघी, डोक्यावर पाट्या, पाटीत कोंबड्या.

"मेल्या सुकऱ्या! इतकी वरसं कुठं होतास? हॉर्न आयकला अन् चूल इझवून आले!"

"आज्ये, ही गाडी नाय गं—"

"नाय कशी? पाटी हाय, फळी हाय, हॉर्न हाय!" धाकलीने कार्टला चौफेर न्याहाळलं. "जरा बारकी झालीय. धुतल्यानं आटली असंल."

आणि ती करिष्माच्या शेजारी बसली. म्हाताऱ्या माणसाला पुढची सीट! बाकीच्या दोघी रूपेशकडे, दोघी चैतीकडे.

"हे काय चाललंय?" साहेब पुढे आले.

"साहेब, एकच कमी पडतो," करिष्मा म्हणाली. "तुमी फळीवर उभे राहता का? लगेच सोडते."

"साहेब फळीवर! साहेब फळीवर!" शाळेतली सगळी मुलं ओरडू लागली.

आता साहेब मूळचे मोखाड्याकडचे. शाळेला जाताना अशाच एका फळीवर त्यांचं लहानपण लोंबकळलेलं. त्यांनी फळीकडे बघितलं. इकडेतिकडे बघितलं. मग झेंडा दातांत धरला, दोन्ही हातांनी टप पकडलं, आणि चढले!

गाडी सुटली!

शर्यत कसली, वरातच ती! आंब्याखाली एक बाप्या शेळी घेऊन उभा होता. त्याने डोकं खाजवायला हात वर केला, आणि तिन्ही गाड्या कच्चकन थांबल्या! तो बिचारा म्हणाला, "मला कुठं जायाचं नाय." पण शेळी तोवर चैतीच्या फळीवर चढली होती, तेव्हा तोही चढला. आंब्याला वळसा घालताना धाकलीने जुनं गाणं धरलं, आणि टप धरलेले साहेब झेंड्यासकट हुंकार भरू लागले.

तरीही सगळं सावरलं असतं. शेवटच्या दोरीपर्यंत गाड्या अगदी जवळजवळ आल्या होत्या, माणसं आरडाओरडा करत होती, सुकऱ्याचा जीव पुन्हा जागेवर येत होता. पण दोरीपाशी उभे होते कमलेश सर. खेळाचे शिक्षक. अंगात खाकी पँट. त्यांनी मुलांना जोर यावा म्हणून हात उंचावून शिट्टी मारली!

खाकी! शिट्टी!

कच्च! कच्च! कच्च! तिन्ही गाड्यांनी दोरीच्या अलीकडे बसकण मारली.

"आज्ये, उतर!" करिष्मा कुजबुजली. "पुढं चेकिंग हाय. साहेब, तुमी बी. गुपचूप चालत पलीकडं जा, वळणावरून परत घेते."

धाकलीला हे नवं नव्हतं. तिने कोंबडीची पाटी साहेबांच्या हातात दिली, पदर खोचला आणि जन्मभर डोंगर चढलेल्या पायांनी अशी झपझप निघाली, की दोरी कधी तुटली ते तिलाही कळलं नाही. तिच्यामागे पाटी सांभाळत साहेब. साहेबांमागे शेळी. गाड्या मात्र अलीकडे, तोंड दुसरीकडे करून, आपण त्या गावच्याच नाही अशा उभ्या!

कमलेश सरांनी नियम आठवून बघितला आणि पडेल आवाजात जाहीर केलं, "पहिला नंबर... धाकली आजी. दुसरे साहेब."

सुकऱ्या आंब्याआड गेला. तिथून त्याला मंगळी दिसत होती. तिने कमरेवर हात ठेवले. छाती भरून श्वास घेतला. सुकऱ्याने डोळे मिटले.

"थांबा जरा!" माइकवर उज्ज्वलाबाई होत्या. "दहावीच्या पेपराला मला उशीर झाला होता. जीप निघून चढावर गेलेली. पाय ठेवायला जागा नव्हती तिच्यात. मी खालून नुसता हात केला. दादांनी ती भरलेली जीप चढावरून उलटी खाली आणली. माझ्या एकटीसाठी." त्यांनी गाड्यांकडे बोट केलं. "आज आपल्या पोरांच्या गाड्यासुद्धा हात केल्यावर थांबल्या. आणखी काय शिकवायचं असतं शाळेने? काय म्हणता, साहेब?"

साहेबांच्या हातात अजून कोंबडी होती. ते म्हणाले, "शर्यत काही खरी नाही यांची. पण गाड्या राहू देत. फेरी म्हणून."

मंगळीने भरून घेतलेला श्वास हळूच सोडला. बाजूच्या गौराला म्हणाली, "घरी जा. बादली नको आणू."

माळ रिकामा झाला तसा सुकऱ्या आंब्याआडून बाहेर आला. बघतो, तर चार पावलांवर लाल गाडीत, करिष्माच्या शेजारी, धाकली परत बसलेली, मांडीवर बक्षिसाचा चषक!

"आज्ये, घरी नाय गेलीस?"

"बाजार कुठं झाला अजून? पोरगी म्हणाली, वळणावरून परत घेते. घेतलं. आता जव्हार येऊ दे." तिने चषक उलटा करून बुडावर टिचकी मारली. "लोटा बरा दिला, पन धरायला दोन कान कशाला?"

सुकऱ्याने मान वर करून बघितलं. कुठं जव्हारचा चढ, कुठं पंपाचं इंजिन! काय सांगावं या म्हातारीला? तो ओशाळून हसला आणि डोकं खाजवायला त्याने हात वर केला.

कच्च! लाल गाडी त्याच्या पुढ्यात येऊन थांबली.

"चला आजा, फळीवर जागा हाय!" करिष्मा म्हणाली.

तीस वर्षं पुढे बसलेला सुकऱ्या पहिल्यांदाच मागच्या फळीवर चढला. टप घट्ट धरलं. पॅंऽऽ पॉंऽऽ पोंऽऽ! त्याने डोळे मिटले. वारा लागायची वाट बघू लागला.

वारा काही लागेना.

"काय गं, सोड की आता!"

"थांबा आजा," करिष्मा पाड्याच्या वाटेकडे बघत म्हणाली, "अजून एक सीट येऊ दे."