दाजीकाकांचे पाय

दाजीकाका गार्ड आमच्याकडे पहिल्यांदा आले, ते थेट हरभऱ्याच्या घंगाळात पाय सोडून बसले.

मी नुकतीच लग्न होऊन लोणावळ्यात आले होते. आमचे हे शाळेत मास्तर. शेजारी रेल्वेतून रिटायर झालेले एक विधुर गृहस्थ एकटेच राहतात, एवढंच मला ठाऊक होतं. चैत्रातल्या हळदीकुंकवासाठी मी पडवीत हरभरे भिजत घातले होते. काका आले, वहाणा काढल्या, घंगाळातलं पाणी पाहिलं आणि "अहाहा!" करत दोन्ही पाय आत.

"सूनबाई, तळाशी खडे आहेत वाटतं?"

"हरभरे आहेत, काका."

"असू देत. टोचतात ते बरं वाटतं."

त्या वर्षी बायकांची नुसत्या कैरीच्या डाळीवर बोळवण झाली.

काकांच्या तळपायांची आग व्हायची. आग, वर मुंग्या, आणि मधूनच एक कळ. उभा जन्म घाटात गाड्या चढवण्या-उतरवण्यात गेलेला, त्यामुळे कळसुद्धा गाडीसारखी. बोलता बोलता एकदम हात वर करायचे. "थांबा! सुटली. अंगठ्यातून सुटली... घोटा गेला... आता पोटरीचा चढ..." समोरच्यानं श्वास रोखून उभं राहायचं. गुडघ्यापाशी कळ विरली की "पोचली" म्हणून हात खाली, आणि बोलणं जिथं तुटलं तिथून पुढे चालू.

एका जागी बसणं त्यांना जमायचंच नाही. बाजार, स्टेशन, वळवणचं तळं, परत बाजार. पंगतीत पानावरून उठून एक चक्कर मारून यायचे. देवळात कीर्तन असलं की लोक बसून ऐकत, काका प्रदक्षिणा घालत ऐकत. एकदा बुवा अभंग अर्धा सोडून म्हणाले, "गार्डसाहेब, तुमच्या पावलांवर माझी लय जातेय हो!"

"मग जरा जलद घ्या," काका चालता चालता म्हणाले. "माझी मेल आहे, तुमची मालगाडी."

बाजारातल्या डॉक्टरांनी मधुमेह सांगितला. त्यांनी विचारलं होतं, मोरीत मुंग्या लागतात का? "मोरीतही मुंग्या आणि पायांतही मुंग्या!" हे काका गावभर मोठ्या मानानं सांगत फिरले. साखर बंद झाली. पहिला बिनसाखरेचा चहा आमच्याकडे प्याले, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "औषध घेतलं. आता चहा आणा."

पुढच्या उन्हाळ्यात काका एकाएकी शांत झाले. आमच्या पडवीत चक्क मांडी घालून बसले. हात वर नाही, काही नाही.

"गाड्या बंद," ते म्हणाले. "आग नाही, मुंग्या नाहीत. बरा झालो मी, सूनबाई!" त्यांनी सगळ्या आळीत पेढे वाटले. स्वतः एकही खाल्ला नाही.

थोड्याच दिवसांनी भर दुपारी काका स्टेशनावरून आले. वळवणहून दूध घालणारी सखूबाई आमच्या दारात हिशेब करत बसली होती. ती बघतच राहिली.

"आबा, येक वहाण कुटं टाकली?"

"टाकीन कशाला? दोन्ही पायांत आहेत."

"न्हाई वो. डावा पाय उघडाच हाय की."

काका हसले. मग पोट सावरून खाली वाकले. वहाण खरंच नव्हती. तापलेल्या खडीवरून ते तसेच चालत आले होते. तळव्याला मोठा फोड येऊन फुटला होता आणि पायरीवर ओले लाल ठसे उमटले होते. दुसऱ्या कुणाचा पाय बघावा तसे ते बघत राहिले.

"दुखत नाही गं," ते म्हणाले. आवाजात पेढ्यांचा आनंद नव्हता.

ह्यांनी त्यांना टांग्यानं डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "आग थांबली म्हणजे बरं झालं असं नव्हे. पायांची जाणीव गेलीय. आता खडा, खिळा, काही कळायचं नाही. चिघळलं तर पाय कापावा लागेल. घरातल्या कुणालातरी रोज तळपाय बघायला सांगा."

"हो, हो. सांगतो की," काका म्हणाले.

हे घरी येऊन मला सांगत होते. पण त्या घरात होतं कोण?

एका सकाळी मी धिरडी घेऊन शेजारी गेले. काका उन्हात पाटावर बसले होते. पुढ्यात काकूंची फणेरपेटी उघडी. आत फणी, करंडा, मेणाची डबी जशीच्या तशी. झाकणातल्या आरशावर पाय धरून तळवा बघायची त्यांची खटपट चालली होती. पोट आड येत होतं, पाय थरथरत होता.

मला पाहून ते ओशाळले. "हिची पेटी. पाय लावत नाही हं मी. नुसता वर धरतोय."

मी धिरडी खाली ठेवली.

"ही आजारी होती ना," आरशाकडे बघत ते म्हणाले, "तेव्हा म्हणायची, जरा बसा हो माझ्यापाशी. मला बसवायचंच नाही. पायांची आग. मी आपला दारातून खाटेपाशी, खाटेपासून दाराशी. तशातच गेली." पाय खाली घेत म्हणाले, "आता कितीही वेळ बसता येतं."

मी पेटीचं झाकण हळूच लावलं.

"काका, उद्यापासून मी रोज सकाळी नमस्काराला येणार. पाय लांब करून बसायचं."

"रोज? रोज काय आशीर्वाद देऊ तुला?"

"ते तुम्ही बघा. मी पाय बघीन."

मी वाकले. दोन्ही पावलं हातात घेऊन बोटांच्या बेचक्या पाहिल्या, टाचा पाहिल्या. जुन्या जखमेवर नवी कातडी धरत होती. काका मात्र अजून वाट बघत असल्यासारखे बसले होते. मग माझ्या लक्षात आलं, माझे हात त्यांना कळलेच नव्हते.

"धरलेत, काका," मी म्हणाले.

तेव्हा कुठे त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.