हरवलो मी, सापडला तो

आमच्या सापगावातल्या चंद्राताई रोजच्या बोलण्यात चारचौघींसारख्याच असतात. "मी आली, मी गेली, मी भाकरी टाकली." पण विषय पिक्चरचा निघाला की त्या पदर खोचतात आणि सरळ पुल्लिंगात शिरतात. "मी जत्रेत हरवलो. ढसाढसा रडलो. मग मी मोठा झालो." मी शाळेत व्याकरण शिकवते, त्यामुळे पहिल्या खेपेला मी त्यांना टोकलं. त्या म्हणाल्या, "बाई, पिक्चरमधी मी पोरगा होतो. पोरगा 'रडली' कसा म्हनंल?"

टोकावडं त्यांचं माहेर. त्या आठ वर्षांच्या असताना तिथं शूटिंगवाले आले आणि हिरोच्या बालपणासाठी मुंबईहून आणलेला मुलगा तापाने फणफणला. चंद्राताईंचे केस तेव्हा उवांपायी मुळापासून कापलेले, अंगात भावाचा सदरा. डायरेक्टर म्हणाला, हा पोरगा चालेल. कुणी विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही. चार दिवस सगळं युनिट यांना राजू म्हणत होतं.

पिक्चरचं नाव मी सांगत नाही. एक तर तो साफ आपटला, आणि गोष्ट तुम्हाला नावाशिवायही ठाऊक आहे. जत्रेत आईचा हात सुटतो, राजू हरवतो, मोठेपणी हिरो होऊन तिला सापडतो.

त्या हिरोला चंद्राताई 'मोठेपनीचा मी' म्हणतात. त्याच्याबद्दल पेपरात काही छापून आलं की अंगणवाडीतलं काम आटोपून, कात्रण घेऊन माझ्या ओट्यावर हजर. "बाई, मोठेपनी मला टक्कल पडलं." त्याने दुसरं लग्न केलं तेव्हा तर दोन दिवस घुश्शात होत्या. "ल्हानपनी मी असा नव्हतो." त्यांचे यजमान गणपतराव बिचारे गरीब माणूस. मला म्हणायचे, "बाई, टीवी लागेपर्यंत ही माझी बायको. टीवी लागला का घरात दोन बापे."

एकदा तो पिक्चर केबलवर लागला. अर्धी आळी त्यांच्या घरात जमली. चंद्राताई पडद्याला बोट लावून सांगत होत्या, "ह्यो माझा पाय. काटा भरला होता, तरी धावलो बघा." शेवटी आई आणि मुलाची भेट सुरू झाली, तशा त्या ताडकन उठल्या आणि मागच्या दारी भांडी घासायला गेल्या. मी मागोमाग गेले.

राखेने तवा घासत त्या म्हणाल्या, "हरवलो मी, सापडला तो. हा काय न्याव झाला? चार दिवस तिच्या मांडीवर मी बसलो. दहीभात भरवला तिनं मला. आनि मिठी कुनाला? त्या घोड्याला!"

मी हसणार होते, पण तवा कधीच लख्ख झाला होता आणि त्यांचा हात थांबत नव्हता. चंद्राताई दोन वर्षांच्या असताना त्यांची आई वारली. तिचा चेहरासुद्धा त्यांना आठवत नाही. आईची मांडी कशी असते ते त्यांना त्या चार दिवसांपुरतंच कळलं होतं.

पिक्चरमध्ये आई झालेली ती नटी आता मालिकांमध्ये खाष्ट सासू होते. शहापुरात साडीच्या दुकानाच्या उद्घाटनाला ती येणार, असं रिक्षावरचा भोंगा ओरडत गेला आणि चंद्राताईंचं जेवणातलं लक्ष उडालं. आठ दिवस त्या एकच वाक्य घोकत होत्या, "आई, मी सापडलो." अंगणवाडीत खिचडी वाढतानाही तेच. मी म्हटलं, निदान तिथं तरी 'सापडले' म्हणा.

"तिला कसं कळंल, बाई? तिचा पोरगा हरवलाय."

दुकानात ही गर्दी. चंद्राताईंनी दोन्ही कोपरं चालवून वाट काढली. नटी खुर्चीत बसून निमंत्रणपत्रिकेने वारा घेत होती. टीव्हीवर दिसते त्याहून बरीच म्हातारी आणि थकलेली. चंद्राताईंच्या तोंडून शब्द फुटेना, म्हणून मीच म्हटलं, "या टोकावड्याच्या. तुमच्या पिक्चरचं शूटिंग तिथं झालं होतं."

तिचा हात थांबला. "टोकावडे? तिथे एक मुलगा होता. माझ्या मांडीवरून उठायचाच नाही. आई नव्हती त्याला. कुठे असतो तो आता?"

मी तोंड उघडलं, तोच माझ्या दंडाला करकचून चिमटा बसला.

"हाय ना," चंद्राताई म्हणाल्या. "आमच्याच गावात ऱ्हातो."

"काय करतो?"

"ल्हान पोरं सांबाळतो."

"शिक्षक झाला?"

"तसंच."

"लग्न झालं?"

"झालं. दोन पोरी हायत."

नटी हसली. "मला फार वाटलं होतं गं, त्याला घरी घेऊन जावं. धीर नाही झाला. मला मूल नाही. अजून कुणी विचारलं की तोच डोळ्यांसमोर येतो." दुकानदाराने दिलेला पेढ्यांचा खोका तिने चंद्राताईंच्या हातात ठेवला. "त्याला दे. म्हणावं, आईनं दिलेत."

चंद्राताईंनी वाकून तिच्या पायांवर डोकं ठेवलं. त्या लवकर उठल्या नाहीत, तेव्हा मागची गर्दी ओरडायला लागली.

परतीच्या एसटीत मी भडकलेच. "सांगितलं का नाहीत? एवढं घोकलंत!"

"तिला तो पोरगा आठवतो, बाई. इतकी वर्सं जपलाय तिनं त्याला. मी सांगितलं असतं म्हंजे तो गेला असता का नाय?"

दुपारपासून पोटात काही नव्हतं, म्हणून पेढ्याला हात पुढे केला. त्यांनी खोका झटकन स्वतःकडे ओढला.

"नाय हां. त्याला दिलेत."

अंगणवाडीतल्या पोरांना वाटून झाल्याशिवाय शेंगदाणाही तोंडात न टाकणारी ही बाई सापगाव येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून एकेक पेढा खात होती. डोळ्यांचं पाणी हनुवटीवरून गळत होतं आणि तोंड चालूच होतं. मी पुन्हा मागितला नाही.