माशांचा जिना आणि महाराजांचा शब्द

एका जंगलात, बाळांनो, एक नदी होती. निदान नकाशात तरी होती. सिंहमहाराजांनी जलविहारासाठी वर बांध घातला, तेव्हापासून बांधाखाली चिखल, शेवाळ आणि माकडांनी फेकलेल्या केळ्यांच्या साली एवढंच उरलं होतं.

त्या चिखलात खडसाबाई राहायची. खडस म्हणजे या नदीचा अस्सल जुना मासा. स्वभावानं जरा नखरेल. वाहतं पाणी आणि स्वच्छ गोटे असल्याशिवाय अंडी घालत नाही. तशी जागा बांधाच्या वर होती आणि खडसाबाई खाली. तिच्या बहुतेक मैत्रिणी वाट पाहूनच गेल्या. आता तिचं पोट अंड्यांनी टम्म फुगलं होतं. ही अंडी वाया गेली, तर नदीतलं खडशींचं कुळच बुडणार होतं.

हे ऐकून महाराजांना गहिवरून आलं. त्यांनी माशांना चढायला बांधावर जिना बांधायचा हुकूम सोडला. काम माकडांना मिळालं. त्यांनी आपल्या उड्यांच्या मापानं पायऱ्या बांधल्या. मासे पहिल्याच पायरीला डोकं आपटून परत यायचे. पण जिना देखणा झाला. उद्घाटनाला स्वतः येतो, असा महाराजांनी शब्द दिला.

मग काय विचारता. सायाळराव नावाचे अधिकारी कामाला लागले. त्यांनी साली उचलून घेतल्या. महाराजांचे पंजे चिखलात भरू नयेत म्हणून काठापासून पात्रापर्यंत गोटे पसरले. नदी नदीसारखी दिसावी म्हणून बांधाचं दारही उघडलं.

अंगावर वाहतं पाणी आलं तसं खडसाबाईला रडूच कोसळलं. तिनं जिन्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिथंच गोट्यांत अंडी घातली.

शेजारच्या खेकड्यानं मात्र तिला सावध केलं. कार्यक्रम उरकला की दार बंद होणार आणि अंडी उन्हात वाळणार. खडसाबाई घाबरून नवस बोलली, महाराज नाही आले तर जलदेवतेला शेवाळाची वेणी वाहीन.

महाराजांचं पोट बिघडलं. कार्यक्रम सोमवारवर गेला. सोमवारी महाराणींच्या माहेरची मंडळी आली. मग शिकार निघाली, मग सर्दी झाली. महाराज केव्हा येऊन टपकतील याचा नेम नाही, म्हणून सायाळराव दार बंद करायला धजेनात. अंडी फुटली, पिल्लं झाली. पिल्लांना पिल्लं झाली. नदी खडशींनी गजबजून गेली.

इकडे आपण दिलेला शब्द महाराजांना टोचू लागला. एके दिवशी ते उठले आणि खरंच आले. त्यांनी फीत कापली, मासे पाहून डोळे पुसले आणि ही सगळी जिन्याची करामत आहे असं सांगितलं. टाळ्या झाल्या.

संध्याकाळी दार बंद झालं. गोटे दुसऱ्या कार्यक्रमाला गेले.

उरल्यासुरल्या डबक्यात नातवंडांना गोळा करून खडसाबाईनं खेकड्याला विचारलं, "भावजी, इथं उद्घाटनाचं अजून काही राहिलंय का?"

"जिन्याचा कठडा राहिलाय, वहिनी."

"मग सायाळरावांना सांगा, महाराजांच्याच हस्ते होऊ द्या म्हणावं. आम्हाला घाई नाही."

तात्पर्य: राजानं दिलेला शब्द पाळू नये. मासे मरतात.